सुभद्राताईंचा फालसा

"चारू, तू दारू घेतली आहे का वं कधी?"

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली भर दुपार होती. बाहेर लूचा भाजणारा वारा सुटलेला, लखनौमधल्या वृंदावन योजना वसाहतीतल्या आमच्या सेक्टरमधल्या सगळ्या खिडक्यांवर पडदे ओढलेले. अशा वेळी सुभद्राताई डोक्यावर ओला पंचा टाकून शेजारच्या घरातून माझ्या स्वयंपाकघरात आल्या होत्या, आणि त्यांना एवढंच विचारायचं होतं.

मी म्हटलं, "घेतली आहे. युनिव्हर्सिटीतल्या लोकांकडे, कधीमधी."

"कशी लागते?"

"कडवट."

"कारल्यासारखी?"

"नाही, तशी नाही."

"मग कशी? तापाच्या गोळीसारखी? जिभेवर लागते की घशात?"

मी आठवून बघितलं. मी भूगोल शिकवते, शब्दांसाठी फार अडत नाही. पण या बाईला काय सांगावं ते मला सुचेना. मी म्हटलं, "घशात गरम लागतं. बाकी मला नीटसं सांगता यायचं नाही."

"घेतेस आणि सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. माझ्या माठातलं पाणी पिऊन त्या परत गेल्या.

सुभद्रा रामटेके यांना ओळखणाऱ्या कुणालाही या प्रश्नाचं आश्चर्य वाटलं नसतं. त्या भंडारा जिल्ह्यातल्या. नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागल्या, आणि लग्नानंतर बदली घेऊन लखनौला आल्या, कारण बाबूरावजी इथे रेल्वेच्या एका कार्यालयात नकाशे काढायचे. आता दोघं निवृत्त आहेत. ताईंना एखादी गोष्ट कशी होते हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. दुकानांवरच्या उर्दू पाट्या वाचता याव्यात म्हणून त्या पन्नाशीत उर्दू अक्षरं शिकल्या. एकदा हज़रतगंजातून पडदे आणायला म्हणून आम्ही दोघी निघालो, तर वाटेत एका अत्तराच्या दुकानात ओल्या मातीचा वास कुपीत कसा भरतात हे त्या विचारत बसल्या. दुकानदारानं चहा मागवला, पाऊण तास समजावलं. पडद्यांचं दुकान तोवर बंद झालं.

दारूच्या प्रश्नामागचं कारण मला दोन दिवसांनी कळलं. त्यांचा मुलगा नागसेन आणि सून हिमानी बंगळुरूहून महिनाभर राहायला येणार होते. हिमानी अल्मोड्याची. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण सासरी इतके दिवस राहायची ही पहिलीच वेळ. मेमध्ये तिचा तिसावा वाढदिवस होता. नागसेनचे शाळेतले चारपाच मित्र लखनौतच असतात, त्यांना बोलवावं असं ठरत होतं. तेव्हा हिमानीनं फोनवर सासूला सरळ विचारलं होतं की मम्मी, मी फालशाचं कॉकटेल फार छान बनवते, त्या दिवशी बनवलं तर तुम्हाला चालेल का? नसेल चालत तर राहू दे, मला वाईट वाटणार नाही.

ताईंनी तिला "सांगते" एवढंच म्हटलं होतं.

त्यांच्या घरात रोज सकाळी बुद्धवंदना होते, पंचशील म्हटलं जातं. पाचवं शील नशा आणणाऱ्या पदार्थांपासून दूर राहण्याचं. बाबूरावजी ते नुसतं म्हणत नाहीत, पाळतात. ऑफिसातल्या निरोपसमारंभांनासुद्धा ते जेवण झालं की उठून यायचे. मला वाटलं होतं ते भडकतील. ताईंनी मला त्यांचं उत्तर सांगितलं ते असं:

"शील मी माझ्यासाठी घेतलंय, सुनेच्या वतीनं मी कसं घेऊ? पोरीनं लपवून केलं नाही, विचारलं, हे मला आवडलं. पण घरात बाटली नको."

"मग?" मी विचारलं.

"मग म्हटलं, चारूची गच्ची आहे."

अशा रीतीनं तो कार्यक्रम माझ्याकडे आला. मी एकटी राहते, गच्ची मोठी आहे, आणि खरं सांगायचं तर मलाही पाहायचं होतं की ताई आता काय करतात.

नागसेन आणि हिमानी आले. हिमानी उंच, चष्मा लावणारी, हळू बोलणारी मुलगी. मराठी तिला कळायला लागली होती, बोलताना मात्र हिंदीच. नागसेनचंही तसंच. आई मराठीत विचारणार, तो हिंदीत उत्तर देणार, आणि दोघांनाही त्यात काही वेगळं वाटत नाही.

वाढदिवसाच्या आधी एकदा करून बघू, असं ताईंनीच सुचवलं. नागसेननं जिनची बाटली आणून माझ्या फ्रिजमध्ये ठेवली. सकाळी गल्लीत हातगाडीवाला येतो, त्याच्याकडून ताईंनी फालसे घेतले. टपोरे, काळेजांभळे, वर थोडी धूळ. एरवी आम्ही ते काळं मीठ लावून असेच खातो. हिमानीनं ते धुऊन पातेल्यात घेतले, साखर घातली आणि हातानं कुस्करायला लागली. फालशात गर थोडा आणि बिया फार, त्यामुळे मिक्सर चालत नाही, बी फुटली की कडू होतं. तिचे हात मनगटापर्यंत जांभळे झाले.

"अब बेज़िल चाहिए," ती म्हणाली. "यहाँ मिलेगा क्या? नहीं तो तुलसी से काम चला लेंगे।"

"बेज़िल म्हणजे?" ताईंनी विचारलं.

हिमानीनं मोबाइलवर फोटो दाखवला. ताईंनी तो चष्मा वर करून जवळून पाहिला, घरी गेल्या आणि एक कुंडी उचलून घेऊन आल्या. मागच्या उन्हाळ्यात सरबतात घालायला आणलेल्या सब्जाच्या बियांतल्या चिमूटभर बिया त्यांनी कुंडीत टाकल्या होत्या. पाण्यात टाकल्यावर बी फुगतं, तर मातीत टाकल्यावर काय होतं, हे बघायला. रोप आलं, कमरेइतकं झालं. त्याचं करायचं काय हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून ते नुसतं उभं होतं.

हिमानीनं एक पान चुरगाळून नाकाशी नेलं. "मम्मी, यही तो है। बेज़िल ही है ये।"

ताई कुंडीकडे बघत राहिल्या. "वर्षभर रोज पाणी घालते मी याला," त्या म्हणाल्या. "आणि नाव आज समजलं."

हिमानीनं पानं तळहातावर ठेवून वरून दुसरा हात टाळीसारखा मारला. पान ठेचायचं नाही, ठेचलं की गवतासारखं लागतं, एवढी चापट पुरे, असं ती म्हणाली. मग दोन ग्लास केले. दोन्हींत फालशाचा गाळलेला रस, लिंबू, ती पानं आणि बर्फ. एकात जिन आणि वर सोडा, दुसऱ्यात नुसता सोडा. दुसरा ग्लास ताईंसाठी.

ताईंनी आपला ग्लास प्यायला नाही. आधी त्यांनी त्याचा वास घेतला, मग दुसरा ग्लास उचलला. मी हिमानीकडे पाहिलं, हिमानीनं माझ्याकडे. ताईंनी त्याचाही वास घेतला. डोळे मिटून, बराच वेळ. परत पहिल्याचा. परत दुसऱ्याचा.

"याच्यात पान आधी येतं," त्या म्हणाल्या. "माझ्याच्यात फालसा आधी येतो, पान मागे राहतं. असं काऊन?"

हिमानीनं सांगितलं की पानातलं तेल पाण्यात उतरत नाही, दारूत उतरतं, आणि दारू लवकर उडते म्हणून वासही तिच्यासोबत वर येतो. ताईंनी ते नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ती बाटली दे. नुसतीचा वास घेऊ दे."

नागसेन ओट्याला टेकून उभा होता. तो म्हणाला, "मम्मी, रहने दो ना।"

"पीत नाही रे. वास घेते."

हिमानीनं झाकण उघडून बाटली पुढे केली. ताईंनी ती दोन्ही हातांत धरली. मला त्यांचा चेहरा दिसत होता. एखादी वाईट बातमी ऐकायला माणूस बसतो तसा तो झाला होता. त्यांनी वास घेतला. काही क्षण तशाच उभ्या राहिल्या आणि मग त्यांचे खांदे सैल पडले.

"हे तर लाकडाच्या वखारीसारखं आहे," त्या म्हणाल्या. "हा तो वास नाही."

"कौन सा?" हिमानीनं विचारलं.

ताई खुर्ची ओढून बसल्या. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, पण ही गोष्ट मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकली. नागसेननंही.

त्यांच्या गावाकडे मोहाची झाडं फार. उन्हाळ्याच्या तोंडाला पहाटे मोहफुलं पडायची, ती वेचायला त्या आईबरोबर जायच्या. फूल ताजं असताना गोड लागतं, तोंडात टाकलं की रस सुटतो. आई ती वाळवून लाडू करायची. आणि त्याच फुलांची दारू गावात निघायची, जी त्यांचे वडील प्यायचे. वडील मारत नसत, ओरडत नसत. संध्याकाळी घरी येऊन भिंतीला टेकून बसत आणि मुलीला जवळ बोलवत. "बाबा जवळ घ्यायचे ना, तर मी श्वास धरून ठेवायची," ताई म्हणाल्या. "सोडला की तो वास येणार. आंबूस, जळकट. एवढ्या गोड फुलाचा असा वास कसा होतो, हे मला कधी समजलं नाही. आणि विचारणार कोणाला? आईला विचारलं तर ती रडायची." वडील लवकर गेले. त्यानंतर आईनं घरात मोहफूल येऊ दिलं नाही, लाडवांनासुद्धा.

"मला वाटायचं सगळ्या दारूचा तोच वास असेल," ताई म्हणाल्या. "नागसेननं बाटली आणली तेव्हापासून मी चारूच्या फ्रिजकडे पाहत नव्हती."

नागसेन त्यांच्याजवळ येऊन जमिनीवर बसला. हिमानीनं बाटलीचं झाकण लावलं आणि जांभळे हात तसेच घेऊन उभी राहिली. मग ती म्हणाली की जिनमध्ये जो वास आहे तो एका डोंगरी झुडपाच्या फळांचा. त्या जातीच्या झुडपाच्या डहाळ्या त्यांच्याकडे वरच्या गावांत धूप म्हणून जाळतात. लहानपणी मामाच्या घरी सकाळी तो धूर असायचा, म्हणून तिला जिन आवडते, हे तिचं तिलाच आत्ता लक्षात आलं.

"धूप?" ताईंनी मान वर केली. "देवापुढे लावतात तो? बाटली दे पाहू परत."

आणि त्यांनी पुन्हा वास घेतला.

मी त्यांना विचारलं, "ताई, एक थेंब चाखून बघावासा नाही वाटत?"

"वाटतो की. आत्ता तर फारच वाटतो," त्या म्हणाल्या. "पण नाही घ्यायचा."

त्यानंतरचे दिवस माझ्या स्वयंपाकघरात प्रयोगांचे गेले. जिनमुळे पानाचा वास जसा वर येतो तसा दारूशिवाय आणता येतो का, हे ताईंना बघायचं होतं. पानं गरम पाकात घातली, तर त्याचा काढा झाला. पाण्यात घालून फ्रिजमध्ये ठेवली, तर वास आला पण कोमेजलेला. मग त्यांनी पानं साखरेत चोळून झाकून ठेवली. दुपारी झाकण काढलं तेव्हा साखर हिरवट, ओलसर झाली होती आणि बडीशेपेसारखा गोडसर वास खोलीभर पसरला. हिमानी लॅपटॉपवरच्या मीटिंगमधून उठून आली. "मम्मी, ये आपने क्या किया?"

"तेल साखरेनं ओढलं," ताई म्हणाल्या. "पाण्यानं ओढत नाही म्हणाली होतीस ना."

राहिली ती घशातली गरमी. ती नसेल तर ते लहान मुलांचं सरबत वाटतं, असं नागसेनचं मत. मिरी घालून पाहिली, ती जिभेवरच थांबली. आल्याचा रस घातला, तेव्हा मी एक घोट घेतला आणि म्हटलं, हे जवळ जातंय. ताईंचा माझ्यावर विश्वास नव्हता. त्या म्हणाल्या, तुला सांगता कुठे येतं. मग त्यांनी हिमानीला विचारलं, नागसेनला विचारलं, आणि आल्याचा रस चमच्यानं कमीजास्त करत राहिल्या. या सगळ्यातलं उरलंसुरलं रोज बाबूरावजींकडे जायचं. ते वाचत असलेलं पुस्तक खाली ठेवून पेला तोंडाला लावत आणि एखादा शब्द उच्चारत. "औषध." "तिखट." एके दिवशी पेला रिकामा परत आला आणि पाठोपाठ ते स्वतः दारात उभे राहिले.

"आणखी आहे का?" त्यांनी विचारलं.

वाढदिवसाच्या संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडून चटया टाकल्या. ऊन गेलं तरी फरशी गरम होती. नागसेनचे मित्र आले, एकाची बायकोही आली. टेबलाच्या दोन टोकांना दोन जग ठेवले होते, दोन्ही सारखेच जांभळे. चूक होऊ नये म्हणून ताईंनी जिनच्या जगाच्या कानाला लाल धागा बांधला होता आणि आलेल्या प्रत्येकाला तो दाखवत होत्या. मुलांनी आधी लाल धाग्याच्या जगातलं घेतलं. गाडी घेऊन आलेल्या अनुप नावाच्या मुलानं मात्र पहिल्यापासून दुसरं घेतलं आणि ग्लास उजेडासमोर धरून म्हणाला, "आंटी, सच बताइए, इसमें भी कुछ है ना?"

ताईंना यापेक्षा मोठी शाबासकी देता आली नसती. "अदरक है," त्या म्हणाल्या आणि त्याला साखरेपासून सगळं सांगायला लागल्या.

आठच्या सुमारास जिन्यावर पावलं वाजली. बाबूरावजी येणार नाहीत असंच आम्ही धरून चाललो होतो. ते पांढरा सदरा घालून वर आले. मुलं उठून उभी राहिली, एकानं ग्लास पाठीमागे लपवला. बाबूरावजी म्हणाले, "बैठिए, बैठिए।" मग त्यांनी हिमानीच्या डोक्यावर हात ठेवला, तिला एक पाकीट दिलं, आणि बिनधाग्याच्या जगातलं भरून घेऊन गच्चीच्या कठड्याशी जाऊन बसले. हिमानी आपला ग्लास टेबलावर ठेवून त्यांच्याजवळ गेली. बाबूरावजींनी तो टेबलावरचा ग्लास पाहिला.

"तुम्हारा वहीं रह गया। ले आओ," ते म्हणाले.

ती घेऊन आली. दोघं बराच वेळ अल्मोड्याच्या रस्त्यांविषयी बोलत होते. बाबूरावजींनी म्हणे तरुणपणी तिकडच्या एका पुलाचा नकाशा काढला होता, पण पूल कधी पाहिला नव्हता.

जून लागायच्या आधी मुलं परत गेली. जायच्या आदल्या दिवशी हिमानीनं ताईंना विचारलं, "मम्मी, महुआ का फूल होता कैसा है? मैंने कभी देखा नहीं।" ताईंनी हातानं आकार दाखवला, रंग सांगितला, पण तिला नीट कळेना. त्या रात्री ताईंनी गावी धाकट्या भावाला, शिवाजीला, फोन केला. आईच्या माघारी त्यानंही कधी मोहफुलं घरात आणली नव्हती. तो म्हणाला की शेजारच्यांकडे वाळवलेली असतील, बघतो.

नागपूरहून लखनौला येणाऱ्या कुणाबरोबर तरी ती पिशवी आली तेव्हा आंबे संपत आले होते. ताईंनी मला हाक मारली. ताटात तपकिरी, सुरकुतलेली, मनुकांसारखी फुलं पसरली होती. त्या एकदम हात लावत नव्हत्या. मोबाइल डब्याला टेकवून ठेवला होता आणि त्यात हिमानी दिसत होती, बंगळुरूच्या तिच्या स्वयंपाकघरात.

ताईंनी एक फूल उचलून हुंगलं. मग तोंडात टाकलं आणि हळूहळू चावलं.

"कैसा है?" हिमानीनं विचारलं.

"गोड," ताई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, पण आवाज साफ होता. "नुसतं गोड आहे वं."

दुसरं फूल त्यांनी मला दिलं, तिसरं बाबूरावजींना. मग काही फुलं भिजवून, कढवून त्यांनी पाक केला, त्यात फालशाचा उरलेला रस, आलं, सब्जाचं पान सगळं घातलं. चव बिलकूल जमली नाही. फालशाचा आंबटपणा आणि मोहाचा गोडवा एकमेकांना धरेनात. बाबूरावजींनी एक घोट घेऊन पेला ठेवून दिला.

"नाही जमलं," ताई मोबाइलकडे बघत म्हणाल्या. "हिमानी, फालसा नको याला. दूध चालेल का? की ताक?"

"ट्राय करके बताइए," हिमानी म्हणाली.

ताईंनी फ्रिज उघडला. दूध होतं, ताक नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी माझ्या घरचं ताक आणायला उठले.